मेदोरोग आणि मराठवाड्याची कडधान्ये

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, दोन्ही शहरांच्या मध्ये, बदनापूर हे तालुक्याचे गाव लागते. १९८१ साली जालना जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत त्याची नोंद तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्याच्याच दप्तरात होती. तेथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे जे संशोधन केंद्र चालते, त्याने तुरीच्या वाणांच्या बाबतीत केवळ मराठवाड्यावरच नव्हे, तर साऱ्या महाराष्ट्राच्या कोरडवाहू रयतेवर उपकार केले आहेत. बी.एस.एम.आर. ७३६, बी.डी.एन. ७११, बी.डी.एन. ७१६ ही नावे शहरी वाचकाला रुक्ष वाटतील; परंतु मर आणि वांझ या दोन रोगांनी उभे पीक हातचे गेलेले ज्याने पाहिले आहे, त्या शेतकऱ्याच्या तोंडी ती घरच्या माणसांच्या नावांसारखी रुळलेली असतात. अशा केंद्रांपुढे आजवर मुख्यतः एकच प्रश्न होता आणि तो योग्यही होता: एकरी उतारा किती, आणि पाऊस दडी मारून बसला तरी पदरात काय पडेल? परंतु गेल्या अर्धशतकात जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी आणि वैद्यांनी याच बीजांना दुसरा एक प्रश्न विचारण्यास आरंभ केला आहे. तूर, हरभरा, मूग, उडीद, मटकी, हुलगा, सोयाबीन, मेथी, गवार या एकाच शिंबावर्गीय कुळातील बीजांत अशी कोणती द्रव्ये आहेत, की जी मनुष्याच्या देहातील मेदवृद्धीला, रक्तातील शर्करेला आणि स्निग्धांशाला आवर घालू शकतील?

हा प्रश्न आज निकडीचा का झाला, हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने देशभर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या विस्तृत पाहणीत एक लाखाहून अधिक प्रौढ स्त्रीपुरुषांची तपासणी झाली. तीत ११.४ टक्के लोकांना मधुमेह आढळला, १५.३ टक्के लोक त्याच्या पूर्वावस्थेत सापडले, ३५.५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला होता, आणि पोटावरचा स्थूलपणा तर ३९.५ टक्के लोकांत दिसून आला. देशाच्या लोकसंख्येशी हिशेब जुळविला, तर मधुमेह्यांची संख्याच दहा कोटींच्या पलीकडे जाते. कंबरेचा वाढलेला घेर, रक्तातील ट्रायग्लिसराइडचे आधिक्य, हितकर कोलेस्टेरॉलची न्यूनता, वाढलेला रक्तदाब आणि उपाशीपोटी वाढलेली शर्करा या पाच लक्षणांपैकी कोणतीही तीन एकाच देहात एकवटली, म्हणजे त्या अवस्थेला चयापचयाची विकृती म्हणतात; आणि ती केवळ सुखवस्तू, स्थूल माणसाचीच मिरासदारी आहे असा जो समज रूढ होता, तो खोटा ठरविण्याचे मोठे श्रेय एका मराठी मातीतल्या संशोधनाला जाते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याच्या आसमंतातील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या संततीचा जो प्रदीर्घ अभ्यास चालविला, त्यात असे दिसले, की आपल्याकडची नवजात बालके इंग्लंडमधल्या बालकांहून वजनाने बरीच हलकी असतात, परंतु त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नसते. हाडामांसाची उणीव आणि मेदाची शाबूत ठेव, असा विषम वारसा घेऊनच ती जन्मास येतात. पुढे २००४ साली याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा देह शेजारी शेजारी मांडून दाखविला: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडसडीत दिसणारा आपला माणूस आतून मेदस्वी असू शकतो, हे इतक्या निःसंदिग्धपणे क्वचितच कोणी सिद्ध केले असेल. म्हणूनच भारतीयांसाठी निर्देशांक २३ च्या वर गेला की अतिभार, आणि २५ च्या वर गेला की स्थूलता, अशी कडक मर्यादा आज मानली जाते.

आता आपल्या प्राचीन वैद्यकाकडे वळावे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय अतिस्थूल आणि अतिकृश अशा दोन्ही देहांच्या चिकित्सेला वाहिलेला आहे. स्थूलाला द्यावयाचे अन्न पचावयास जड, परंतु देहाचे अतिरिक्त पोषण न करणारे असावे, असे जे मूलतत्त्व चरकाने तेथे घालून दिले आहे, ते वाचताना आजच्या आहारशास्त्राचा अभ्यासकही क्षणभर थबकल्यावाचून राहत नाही; कारण पोट भरावे, ते सावकाश रिते व्हावे आणि तरीही शरीराला उष्मांक माफकच मिळावेत, हेच तर आजच्या शास्त्राचेही सूत्र आहे. त्याच अध्यायात स्थूलाच्या भोजनासाठी धान्यांचा जो तपशील दिला आहे त्यात सावा, यव आणि कोद्रव यांच्याबरोबर मूग आहे, कुलत्थ म्हणजे हुलगा आहे, आढकी म्हणजे तूर आहे, आणि टीकाकार जिला ज्वारी समजतात ते धान्यही आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मुगाची उसळ आणि हुलग्याचे माडगे हे मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे जेवण जवळजवळ जसेच्या तसे त्या यादीत सापडावे, ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही. अर्थात, ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावरून ते सिद्ध झाले असे मानणे हा ग्रंथाचाही सन्मान नव्हे. म्हणून आधुनिक प्रयोगशाळेने काय पाहिले, ते तपासले पाहिजे.

बीज हे वनस्पतीचे अपत्य होय, आणि अंकुर फुटून मुळे स्वतःचे अन्न मिळवू लागेपर्यंत त्याला पुरेल एवढी शिदोरी मातेने त्याच्याबरोबर बांधून दिलेली असते. परंतु जेथे अन्नाचा साठा असतो तेथे त्यावर टपणारेही असतात. कणगीतल्या हरभऱ्याला भोके पाडून पोखरणारा भुंगेरा प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचा आहे. अशा किड्यांच्या आतड्यात पिष्टमय पदार्थाचे पचन होऊ नये म्हणून द्विदल बीजांनी दीर्घ उत्क्रांतीच्या ओघात कित्येक प्रथिने घडविली. त्यांतली काही पिष्ट पचविणाऱ्या अमायलेज या पाचकद्रव्याला निष्प्रभ करतात, तर काही प्रथिने पचविणाऱ्या ट्रिप्सिनला अडवितात. किड्याचे अमायलेज आणि मनुष्याचे अमायलेज यांत बरेच साधर्म्य असल्यामुळे काही बीजांतील हे द्रव्य आपल्याही पाचकरसाला रोखू शकते. १९७५ साली अमेरिकेतील मार्शल आणि लाउडा या संशोधकांनी घेवड्याच्या, म्हणजे राजम्याच्या जातीच्या बीजातून असे एक प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे काढले आणि त्याला फेजिओलामिन असे नाव दिले.

येथून पुढे जे घडले ते प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण आज आपल्याकडे वर्तमानपत्रांतून आणि भ्रमणध्वनीवरून ज्या ‘नैसर्गिक’ गोळ्यांची जाहिरात अहोरात्र चालते तिची सारी पूर्वकथा त्यात आहे. १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेच्या बाजारात घेवड्याच्या अर्काच्या गोळ्यांचे पेव फुटले. हवा तेवढा पाव खा, त्यातले पिष्ट न पचताच निघून जाईल, असे आश्वासन त्यांच्या वेष्टनावर होते, आणि ते लाखो लोकांनी खरे मानले. १९८२ साली त्या देशाच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांची विक्री थांबविली. त्याच वर्षी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक काटेकोर प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना भरपूर पिष्टमय जेवण देऊन, एकदा गोळीसह आणि एकदा गोळीवाचून, त्यांच्या मलावाटे किती उष्मांक बाहेर पडतात हे त्यात मोजले होते; आणि दोहोंत फरक आढळला नाही. गोळ्यांतला अर्क दुर्बळ होता, आणि आपले स्वादुपिंडही गरजेपेक्षा कितीतरी अधिक अमायलेज स्रवत असते. पुढे अधिक शुद्ध आणि तीव्र अर्क तयार झाला, तेव्हा त्याने पिष्टाचे पचन अंशतः मंदावते असे दिसले खरे. परंतु त्या मर्यादित परिणामाला मेदोरोगावरचा रामबाण म्हणणे हे शास्त्राला धरून नाही. शिवाय हे प्रथिन उष्णतेने नष्ट होते, म्हणून शिजविलेल्या उसळीत ते शिल्लक नसते. आणि शिजविल्यावाचून तर गत्यंतर नाही. कारण कच्च्या वा अर्धकच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे दुसरे एक प्रथिन असते, जे उलट्या आणि अतिसार घडवून आणते, आणि जे खळखळत्या उकळीवाचून निकामी होत नाही.

मग उसळीत शिजल्यावर उरते काय? माझ्या मते खरी संपत्ती येथूनच सुरू होते. कडधान्यातील पिष्टाची घडणच अशी असते, की त्याचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही, आणि जो पचतो तोही सावकाश. कारण शिजल्यानंतरही पिष्टाचे कण पेशींच्या चिवट भिंतींआड बंदिस्त राहतात. त्यांना जोड मिळते ती विद्राव्य तंतूंची, जे पोटात पाणी शोषून चिकट होतात आणि अन्नातल्या शर्करेला रक्ताकडे धावू न देता, नाल्यावर घातलेला बंधारा पाण्याला अडवून मुरवितो तशी, हळूहळू मुरवितात. १९८१ साली टोरोंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी, कोणत्या अन्नाने रक्तातील शर्करा किती चढते याचे जे कोष्टक प्रथम मांडले, त्यात कडधान्ये तळाशी, म्हणजे सर्वांत सुरक्षित स्थानी आली. त्याहून विलक्षण गोष्ट त्यांनी पुढच्या वर्षी दाखविली: सकाळच्या न्याहारीत मसूर खाल्ली, तर तिचा लाभ न्याहारीपुरता न राहता दुपारच्या जेवणानंतरची शर्कराही कमी चढते.

हे असे का होत असावे, याचे एक उत्तर मोठ्या आतड्यात सापडते. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकियोज, व्हर्बास्कोज अशा शर्करांच्या लहान साखळ्या असतात. त्या तोडणारे पाचकद्रव्य मनुष्याजवळ नाही. म्हणून त्या न पचलेल्या पिष्टाबरोबर मोठ्या आतड्यात उतरतात आणि तेथील अगणित जीवाणूंचे भोजन होतात. उसळ खाल्ल्यावर पोटात जो वायू धरतो, ज्याच्या भीतीने कित्येक घरांतून हरभरा आणि वाल हद्दपार झाले आहेत, तो याच किण्वनाचा परिणाम होय. परंतु त्याच किण्वनातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लघु मेदाम्ले निर्माण होतात, आणि ती आतड्याच्या अस्तरातील विशिष्ट पेशींना जी.एल.पी.-१ नावाचे संप्रेरक स्रवण्यास उद्युक्त करतात. हे संप्रेरक जठर सावकाश रिते करते, इन्सुलिनला वेळेवर हाक देते आणि मेंदूला तृप्तीची जाणीव करून देते. ज्या महागड्या टोचण्यांनी आज जगभर लोकांची वजने उतरत आहेत, त्या सेमाग्लुटाइडसारख्या औषधांची कल्पना याच संप्रेरकावर आधारलेली आहे. उसळीची वाटी त्या टोचणीची बरोबरी करील असे मी मुळीच म्हणणार नाही. देहाने स्रवलेले संप्रेरक काही मिनिटांत विरते आणि औषधाचा अंमल आठवडाभर टिकतो. परंतु वाट तीच आहे, हे खोटे नव्हे.

याच कुळातील मेथीची हकीकत आपल्या प्रांताच्या शेजारी, हैदराबादला घडली. तेथील राष्ट्रीय पोषण संस्थेत आर. डी. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात मेथीच्या दाण्यांवर माणसांत प्रयोग केले. स्निग्धांश काढून टाकलेली मेथीची पूड रोज १०० ग्रॅम, दोन वेळच्या अन्नात मिसळून, इन्सुलिनवर असलेल्या रुग्णांना दिली असता त्यांच्या लघवीतून जाणारी शर्करा निम्म्याहून अधिक घटली, असे त्यांनी १९९० साली नोंदविले. मेथीचे सामर्थ्य मुख्यतः तिच्या गॅलॅक्टोमॅनन या चिकट तंतूत आहे, आणि ४-हायड्रॉक्सिआयसोल्युसिन हे तिच्यातले आगळे अमिनो आम्ल इन्सुलिनच्या स्रवणाला चालना देते असे प्रयोगशाळेत आढळले आहे. परंतु १०० ग्रॅम ही फार मोठी मात्रा होय; फोडणीतल्या चिमूटभर दाण्यांकडून तो परिणाम मागणे व्यर्थ आहे. गवारीच्या बियांतील डिंकही याच जातीचा. त्याने जेवणानंतरची शर्करा मंद चढते हे जेन्किन्स यांनीच १९७६ च्या सुमारास दाखविले होते. तथापि त्याच डिंकाच्या कोरड्या गोळ्या वजन उतरविण्यासाठी म्हणून विकल्या गेल्या, तेव्हा त्या अन्ननलिकेत फुगून कित्येकांचे प्राण कंठाशी आले, आणि १९९० च्या सुमारास अमेरिकन प्रशासनाला त्यांवर बंदी घालावी लागली. जो तंतू अन्नात मिसळून हितकर ठरतो, तोच गोळीत कोंडला की अपायकारक होऊ शकतो.

मधुमेहावर जगात सर्वाधिक वापरले जाणारे मेटफॉर्मिन हे औषधही या कुळाचे ऋणी आहे. युरोपात गॅलेगा नावाची एक शिंबावर्गीय वनस्पती उगवते. तिच्यातील गॅलेजीन या द्रव्याने शर्करा उतरते हे ध्यानी आल्यावर रसायनज्ञांनी त्याच्या जवळपासची, परंतु कमी विषारी अशी संयुगे तपासली, आणि त्यांतूनच निवडलेले मेटफॉर्मिन पॅरिसचे डॉ. जाँ स्टर्न यांनी १९५७ साली रुग्णांच्या उपचारात आणले. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे, की मूळ गॅलेजीन औषध म्हणून टिकले नाही. ते विषारी होते. निसर्गातले म्हणून निर्धोक, हा सिद्धान्त आपल्या महाराष्ट्राने तर स्वीकारूच नये, कारण भंडारा-चंद्रपूरकडे होणारी लाखेची डाळ याच कुळातली. तीच मुख्य अन्न करून राहिलेल्या गरिबांचे पाय कायमचे लुळे पडले, आणि १९६१ साली केंद्रीय नियमांनी तिच्या विक्रीला मनाई केली.

एवढे सारे तोलून पाहिल्यावर कडधान्यांचा लाभ प्रत्यक्षात किती, याचा हिशेब द्यावयास हवा. कॅनडातील संशोधकांनी २०१६ साली २१ नियंत्रित चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण केले. रोज सुमारे १३० ग्रॅम शिजविलेले कडधान्य खाणाऱ्यांचे वजन साधारण सहा आठवड्यांत सरासरी ३४० ग्रॅमने घटले. त्याच्या दोन वर्षे आधीच्या अशाच विश्लेषणात अपायकारक कोलेस्टेरॉल सुमारे पाच टक्क्यांनी उतरलेले दिसले. जाहिरातदाराला हे आकडे क्षुद्र वाटतील. मला ते मोलाचे वाटतात, कारण ते खरे आहेत, त्यांची किंमत एका वाटी उसळीची आहे, आणि ते वर्षानुवर्षे साठत जाऊ शकतात.

परंतु ही वाटी आपल्या ताटात आज उरली आहे काय? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मराठवाड्याचा खरीप सोयाबीनने व्यापला. सोयाबीन स्वतः कडधान्याचेच भावंड असले, तरी ते गावच्या चुलीवर न येता तेलाच्या गिरणीत आणि पेंड होऊन कोंबड्यांच्या खाद्यात जाते. मूग आणि उडीद मागे हटले, मटकी विरळ झाली, आणि हुलगा तर बैलांच्या खुराकात व घोड्यांच्या चंदीत घालण्याचे हलके धान्य म्हणून आधीच उपेक्षित होता. वास्तविक हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१३ साली कच्च्या हुलग्याच्या दाण्यांत, जेवणानंतर चढणारी शर्करा रोखण्याची क्षमता असल्याचे परीक्षानळीतील प्रयोगांत दाखविले होते. ज्यांच्या घरी थंडीत अजून हुलग्याची शेंगोळी शिजतात, लसणाच्या फोडणीचे माडगे होते, त्यांनी एक मोठा वारसा राखला आहे असेच म्हटले पाहिजे.

दुसरी हानी अधिक सूक्ष्म आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या कोष्टकानुसार अख्ख्या तुरीत १०० ग्रॅमला सुमारे २३ ग्रॅम तंतू असतात. तिचीच टरफल काढलेली डाळ केली की ते ९ ग्रॅमवर येतात. हरभऱ्यात २५ चे १५ होतात, मुगात १७ चे ९. बीजाचे पॉलिफिनॉल वर्गातील बरेचसे गुणद्रव्यही टरफलातच असते. म्हणजे आपण गिरणीत जे काढून टाकतो आणि चुनी म्हणून गुरांपुढे ठेवतो, त्यातच या लेखाचा अर्धा विषय निघून जातो. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला शेतात जी भज्जी रांधतात, तिच्यात तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे असतात ते अख्खेच. नामकरणाच्या घुगऱ्या, मटकीची मोडाची उसळ, हुरड्याच्या दिवसांतली तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी यांतही बीज सोललेले नसते. भिजविल्याने आणि मोड आणल्याने वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात, लोह आणि जस्त अडवून ठेवणारे फायटिक आम्लही घटते. ही युक्ती आपल्या आजीबाईंनी रसायनशास्त्रावाचून साधली होती.

मधुमेहाची औषधे चालू असलेल्याने ती आपल्या मनाने सोडू नयेत. मेथीसारखे बी मोठ्या मात्रेत घेतल्यास शर्करा अवाजवी उतरण्याचा संभव असतो, म्हणून वैद्यांना कळवूनच घ्यावे. ज्याचे मूत्रपिंड अधू आहे त्याने प्रथिने किती घ्यावीत, हे त्याच्या डॉक्टरानेच ठरवावयाचे आहे. इतर सर्वांसाठी, दोन हजार उष्मांकांच्या आहारात रोज सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये असावीत, ही राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस सरळ आणि पाळण्याजोगी आहे. मात्र ती भात-भाकरीच्या जोडीला वाढवून नव्हे, तर त्यांतला काही वाटा कमी करून पाळावी.

एका अपेक्षेचा उच्चार करून थांबतो. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात १९५६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याच्या ‘घाटी’ रुग्णालयात सगळ्या मराठवाड्यातून रुग्ण येतात. आणि तेथून तासाभराच्या अंतरावर, बदनापुरास, कडधान्यांचे वाण जाणणारे शास्त्रज्ञ आहेत. या दोन संस्थांनी एकत्र बसून, मराठवाड्यातल्याच माणसांना मराठवाड्याचाच अख्खा हुलगा आणि अख्खी तूर वर्षभर नेमाने खाऊ घालून, त्यांच्या कंबरेचे माप, शर्करा आणि मेद यांची पद्धतशीर नोंद ठेवण्याची तजवीज करावी. आणि तिचा निष्कर्ष येईपर्यंत वाचकांनी शहरातल्या जाधववाडीच्या बाजारातून, पुढच्या महिन्याच्या किराण्यात, किलोभर हुलगा आणि किलोभर अख्खे मूग अवश्य आणावेत.